निवडून आबा आले होते, अक्का नाही

अक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी जालन्याला मुलाकडे होते. सकाळी पीठ चाळत बसले होते. दारात गावाकडचा नातू, अक्काच्या मुलाचा, विष्णूचा थोरला, येऊन उभा राहिला. चप्पल काढेना. मी म्हटलं, "आत ये की रे, असा उंबऱ्यात कामून उभा?" तो एवढंच म्हणाला, "धाकटी आजी, चला." मी चाळणी खाली ठेवली. नव्वदीला टेकलेलं वय, महिनाभर अन्न तोडलेलं... मरण काही अवचित आलं नव्हतं. पण एसटीत खिडकीपाशी बसल्यावर मनात आलं की आता या जगात मला 'धाकटे' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि मग अंबडचा फाटा येईपर्यंत माझे डोळे थांबले नाहीत.

अक्का म्हणजे गोदावरी, माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल लिहायचं असं काही माझ्या मनात नव्हतं. वर्तमानपत्रात लिहावं असं बाहेरच्या जगाला ठाऊक असलेलं तिनं आयुष्यात काही केलंच नव्हतं. पण दहाव्याच्या दिवशी बाहेर मांडवात पुरुषमाणसं बसली होती, मी आतल्या दारापाशी होते, आणि कुणीतरी हलक्या आवाजात बोललेलं माझ्या कानावर आलं. "ही पेटीवाल्या आबाची बायको." एका तरुण पोरानं विचारलं, पेटीवाले म्हणजे काय? तर उत्तर आलं, "निजामाच्या काळात मेंबर होते. पैसा खाल्ला. बायकोच्या पेटीत सोनं निघालं. उघडून दाखवा म्हटलं तर मेंबरी सोडून बसले घरात." इतकी वर्षं गेली, निजाम गेला, आबा गेले, आता अक्काही गेली, तरी ते नाव काही गेलं नाही. घरी परत आल्यावर नातवाची वही मागून घेतली आणि लिहायला बसले. ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं त्या साऱ्याजणी आता नाहीत, एकीचं तेवढं मला ठाऊक नाही. त्यांना ज्यांचा धाक होता तेही नाहीत. तरी त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा परकर सोडून लुगडं नेसायला नुकतीच शिकले होते. माहेरची फार आठवण यायची. सासूबाई रडू देत नसत, घरात अशुभ होतं म्हणायच्या. अक्का मला मागच्या पडवीत कंदिलाच्या काचा पुसायला बोलवायची. काचा एरवी तीच पुसे, लख्ख असायच्या. ती माझ्या हातात राखेचं फडकं द्यायची आणि म्हणायची, "घे रडून. कुणी इचारलं तर राख डोळ्यात गेली म्हण." माझं रडणं तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं मला हे कळलं की अक्काच्या कानात गेलेली गोष्ट तिथंच राहते, आणि हे आळीतल्या बायकांनाही एकेक करून कळत गेलं.

आबा, म्हणजे माझे थोरले दीर, अगदी उलट. त्यांच्या पोटात काही राहायचंच नाही. शेती चांगली होती, आवाज मोठा होता आणि खोटं बोलता येत नव्हतं. आमच्या कसब्याला तेव्हा बलदिया, म्हणजे नगरपालिका होती. तिच्या कमिटीत बरेचसे मेंबर सरकारनं नेमलेले आणि थोडे घरपट्टी भरणाऱ्यांनी निवडलेले. बाजारात पाण्याचा हौद बांधायचा म्हणून लोकांकडून जादा पट्टी घेतली होती. हौद गुडघाभर उठला आणि थांबला. पैसा संपला म्हणाले. कुणाच्या घरात संपला ते सगळ्यांना माहीत होतं, विचारणार कोण? आबांनी विचारलं. त्या अर्धवट भिंतीवर उभं राहून ते बोलले, "ज्याला लोकांनी निवडलं त्याच्या घराला कवाड नसावं. कुणीबी यावं, आत पाहावं." त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त रंगनाथअप्पा, भुसाराचा दुकानदार, दारोदार त्यांच्यासाठी फिरला. आबा निवडून आले. गुलाल अंगावर घेऊन घरी आले तेव्हा अक्का ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "कवाड आज काढताय का उद्या?" आबा खो खो हसले. ती पण हसली. त्या घरात त्या दोघांना असं मोठ्यानं हसताना मी पुढं फारसं पाहिलं नाही...

आमच्याकडं पाडव्याला मारुतीच्या पारावर जोशीबुवा पंचांग वाचत. यंदा पाऊस कसा, धान्य कसं, ते ऐकायला सारा गाव जमे. निवडून आल्यावरच्या पहिल्या पाडव्याला पंचांग संपल्यावर आबा उठले आणि म्हणाले, आता माझ्या घराचं ऐका. जमीन किती, कापूस किती निघाला, कोणत्या भावानं गेला, बैल कितीला घेतला, खर्च काय झाला, सगळं त्यांनी तोंडपाठ सांगितलं. लोकांना असलं काही ऐकायची सवय नव्हती. काहींनी हसून घेतलं, पण बरीच माणसं ऐकत राहिली. बाकीच्या मेंबरांचे चेहरे उतरले. हौद त्या वर्षी पुरा झाला, त्यात पाणी आलं, आणि मी स्वतः त्याच्या काठावर घागर टेकवली आहे. आबांचं ते सांगणं खोटं नव्हतं आणि फुकटही गेलं नव्हतं, हे आधी सांगून ठेवते.

दुसऱ्या पाडव्याला खर्च सांगताना ते म्हणाले, "औषधपाण्याला अमुक." गर्दीतून कुणीतरी सहज विचारलं, "घरात कोण आजारी होतं, आबा?" वाईट हेतूनं नव्हे. आणि आबांनी सांगितलं. बायको बाळंत झाली, पोरगी होती, चार दिवस जगली. जालन्याहून डॉक्टर आणला होता, त्याचे पैसे... पारावर सारा गाव होता. बायका मागं उभ्या होत्या, त्यांत अक्का होती, मी तिच्या शेजारी होते. त्या पोरीचा विषय तिनं घरातही कधी काढला नव्हता. सगळ्या बायका वळून तिच्याकडं पाहायला लागल्या. तिनं पदर पुढं ओढला आणि समोर पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका येऊन बसून गेल्या, कुणी नवस सांगितला, कुणी अंगारा दिला, कुणी दोष कुणाचा ते सांगितलं. आबांना वाटलं, लोक किती मायेचे! अक्का भांडली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवसानंतर तिनं आबांना तेवढंच सांगायचं ठरवलं जेवढं पारावर गेलं तरी चालेल.

पहिलं गाठोडं त्याच वर्षी आलं. एक बाई दळणाच्या निमित्तानं आली आणि जाताना पिठाच्या डब्यातून कापडात बांधलेलं काहीतरी अक्काच्या हातात ठेवून गेली. तिचा नवरा दारू प्यायचा, घरातलं एकेक विकून बसलेला. आईनं दिलेल्या पाटल्या तेवढ्या उरल्या होत्या. मग दुसरी आली. ती विधवा होती, दीर म्हणत होते आमच्या घरातून आलेलं आमच्या घरात राहील. मग तिसरी. तिला पोरीच्या लग्नासाठी मागं टाकायचं होतं, आणि सासू पेट्या झाडायची. अक्काची माहेरची एक सागवानी पेटी होती, पितळी कड्यांची, तिच्या कोठीत धान्याच्या कणगीमागं ठेवलेली. त्यात ती हे सगळं ठेवायची. तिला लिहिता येत नव्हतं. जिचं तिच्या लुगड्याच्या नाहीतर ओढणीच्या चिंधीत बांधलेलं असायचं, तीच खूण. कुणाकडून तिनं पैसा घेतला नाही आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाही. बाया हिंदूंच्या होत्या, मुसलमानांच्या होत्या. मागच्या आळीतल्या बाया तर भिंतीवरून हाक मारून यायच्या.

नाव सांगायचंच तर एक सांगते, माझं. माझे यजमान, आबांचे धाकटे भाऊ, मनानं वाईट नव्हते. पण पत्त्यांचा नाद होता. आज ते असते तर हे लिहिलं नसतं. माझ्या आईची गळ्यातली वजरटीक त्यांनी दोनदा मागितली आणि तिसऱ्यांदा न मागता नेतील हे मला दिसत होतं. मी ती अक्काकडं नेऊन दिली. तिनं काही विचारलं नाही. माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्यात गुंडाळली. घरात ती वस्तू हरवली म्हणून मी महिनाभर बोलणी खाल्ली. ज्या पेटीत ती होती ती माझ्यापासून दहा हातांवर होती.

आबा मेंबर होऊन बरीच वर्षं झाली होती. एका धुळवडीला, दुपारी, शेजारच्या वाड्यातल्या कापसाच्या गंजीवर होळीची ठिणगी उडून पडली आणि आग लागली. वारं आमच्या घराकडं होतं. आबा शेतावर गेले होते. लोक धावले, दिसेल ते उचलून बाहेर काढायला लागले. अक्का ओरडत होती, "पेटी मी घेते, पेटी राहू द्या," पण धुरात कोण ऐकतंय? रंगनाथअप्पा आणि आणखी एकजण पेटी उचलून अंगणात आणत होते. उंबऱ्याला ठेच लागली. पेटी आपटली, कोयंडा निसटला, आणि चिंध्यांची गाठोडी अंगणभर झाली. एक सुटलं. त्यातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ उन्हात पडली. अप्पांनी ती उचलून अक्काच्या हातात दिली. तिनं पदरात सगळं गोळा केलं, खाली मान घालून, आणि अप्पा तिच्याकडं पाहत उभे राहिले. मला त्यांचा चेहरा आजही दिसतो. तो हेरणाऱ्या माणसाचा नव्हता. आपण हे पाहायला नको होतं असं ज्याला वाटतं, तसा तो होता.

आग विझली, घराला काही झालं नाही. पण ती पुतळ्यांची माळ गावभर झाली. एवढं सोनं शेतीतून येतं होय? हौदाचं काम कुणाच्या देखरेखीखाली झालं? आबांच्या कानावर यातलं काही आलं नाही. ज्याच्याबद्दल बोलणं चालू असतं त्याच्याच कानावर ते शेवटी येतं. पाडवा जवळ येत होता.

पाडव्याला आबांनी नेहमीप्रमाणं सगळं सांगितलं. आम्ही दोघी घरी स्वयंपाकात होतो, हे मला मागून कळलं. संपल्यावर रंगनाथअप्पा उठले. म्हणाले, "आबा, पेटीतलं राह्यलं."

"कोणती पेटी?"

"वैनींची. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. मी तुमच्यासाठी घरोघर फिरलो, लोक मला इचारून राह्यलेत. मी काय सांगू?"

आबा हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं, बायकोचे चार डाग आहेत, त्याचं काय एवढं! म्हणाले, "तुमचं बिलकुल बराबर हाय, अप्पा. उद्या बाजार हाय. उद्या तीच पेटी इथं आणून सगळ्यांसमोर उघडतो."

घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. अक्का पोळ्या लाटत होती, मी पुरण भरून देत होते. मी उठायला लागले, थोरल्या दिरांसमोर थांबायची रीत नव्हती, पण अक्कानं माझा हात धरून खाली बसवलं. आबांनी पारावरचं सांगितलं आणि म्हणाले, "पेटी काढून ठेव उद्याला."

अक्कानं लाटणं थांबवलं नाही. "त्यात माझ्या बोरमाळेशिवाय माझं काई न्हाई. बाकीचं दुसऱ्यांचं हाय."

"दुसऱ्यांचं म्हणजे कुणाचं?"

"ते कुणाला कळू नये म्हणून तर ठेवलंय."

आबा खाली बसले. त्यांना समजायला वेळ लागला. "मंग मला तरी सांग. मी पारावर नाव घेणार न्हाई."

"तुम्ही घ्याल," अक्का म्हणाली. रागानं नव्हे. "कुणी इचारलं की तुमच्या तोंडून खरंच निघतं. तुमचा तो गुणच हाय. पोरीचंबी निघालं होतं." ... इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं तो विषय काढला. आबांची मान खाली गेली. ती पुढं बोलली, "निवडून तुम्ही आलात. मी न्हाई आले. आन् त्या बाया तर बिलकुल न्हाई आल्या. तुमच्या घराला कवाड नसंल तर नसू द्या. त्यांच्या घरात काय चाललंय ते पारावर कामून जावं?"

"लोक म्हणतील मी खाल्लं."

"म्हणतील."

मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सावरून मी म्हटलं, "अक्का, त्यातलं एक माझं हाय. मी सांगते पारावर येऊन." अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "तू बोललीस की ते म्हणतील एकीचं कळलं, आता बाकीच्यांचं सांगा. मंग एकेकीचा नवरा घरी जाऊन इचारील, तुझं हाय का त्यात? तू गप बस." आणि आबांकडं वळून ती म्हणाली, "तुम्हाला पेटी न्यायची असंल तर कोठीत हाय. मी आडवी येणार न्हाई. पण मी माझ्या हातानं देणार न्हाई."

 तव्यावरची पोळी करपली, ती कुणी काढली नाही. मग आबा उठले, कोठीच्या दारापर्यंत गेले.  दारापाशी ते थांबले, आणि तिथूनच बाहेर ओट्यावर गेले. त्या दिवशी त्या घरात कुणी पुरण खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतली माणसंही पारापाशी थांबली होती. आबा रिकाम्या हातानं आले. जे बोलले ते माझ्या यजमानांनी घरी येऊन सांगितलं, आणि नंतर कितीतरी जणांनी. "पेटी आणली न्हाई. आणणारबी न्हाई. त्यात माझं काई न्हाई एवढंच सांगतो, आन् तेवढ्यावर तुम्ही इश्वास ठेवावा असं मला म्हणता येत न्हाई, कारण मीच तुम्हाला शिकवलंय की नुसत्या शब्दावर इश्वास ठेवू नका. तुमचा प्रश्न बराबर हाय. मला उत्तर देता येत न्हाई. मंग त्या जागेवर मी बसणं बराबर न्हाई." रंगनाथअप्पा पुढं झाले, हात जोडले. "आबा, अजून बी उघडा. काय असंल ते असंल. मी तुमच्या पाया पडतो." आबांनी त्यांचे हात खाली केले आणि घरी चालत आले.

लोकांना ते काय वाटणार? जे वाटायचं तेच वाटलं. मी त्यांना दोष देत नाही. आधीच्या मेंबरांनी हौदाचा पैसा खाल्ला होता, ते डोळ्यांनी पाहिलेले लोक होते ते. त्यांनी विचारलं नसतं तर ते चुकलं असतं. निवडून दिलेल्या माणसाच्या घरात अचानक सोनं दिसलं तर मी आजही विचारीन. पण त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर सांगितलं असतं तर कितीजणींच्या चुलीपुढं काय झालं असतं तेही मला माहीत आहे. मी इतकी वर्षं विचार करते आहे, आणि या दोन्हींत कुणाचं बरोबर होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आबांना ठरवता आलं नाही म्हणूनच त्यांनी जागा सोडली असावी.

त्या बाया आल्या. एकेक करून, कधी ताक मागायला, कधी विस्तव मागायला. रडल्या. एकीनं तर अक्काचे पाय धरले, मी सांगते म्हणाली. अक्का म्हणाली, "तुझी पोर उजवू दे आधी." बाकीच्या गप्प राहिल्या आणि अक्कानं त्यांना गप्प राहू दिलं. मला कधीकधी त्यांचा राग यायचा. एक दिवस तो मी बोलून दाखवला, तर अक्का म्हणाली, "राग मलाबी येतो. पण तो त्यांच्यावर काढायचा न्हाई." 

आबांनी पारावर जाणं सोडलं. पोरंटोरं मागून 'पेटीवाले' म्हणायची. बलदियाच्या नव्या मेंबरांनी पाडव्याला घर सांगायची रीत पुढं चालवली नाही, आणि लोकांनीही त्यांना विचारलं नाही. एकदा ज्यानं सांगितलं त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आबा शेतात राबायचे, घरी यायचे, अक्काशी पूर्वीसारखंच बोलायचे. पण ते मोठ्यानं बोलणं गेलं. अप्पांच्या दुकानावरून जाताना दोघं एकमेकांना रामराम करत आणि दोघांचीही मान खाली असे. पुढं एका हिवतापात आबांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी अक्काला जवळ बोलावलं. मी औषध घेऊन आत गेले होते म्हणून मला ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्यांनी पेटीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "त्यांचं सगळं जिथल्या तिथं हाय ना?" अक्का म्हणाली, "हाय." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. अक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो ते जाईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर दिवस वाईट आले. रझाकारांच्या धाकानं गावंच्या गावं रात्रंदिवस सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात जायला लागली. आम्हीही निघालो. अक्काला म्हटलं, चल. ती म्हणाली, "ज्यांचं त्यांना दिल्याबिगर मला जाता येत न्हाई." माणसं घरं सोडून निघाली की जवळ चार डाग तरी पाहिजेत. ती भरदिवसा गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरली, पाटीच्या तळाशी एखादी चिंधी. विधवा बाईच्या पाटीकडं कोण पाहतं? माझी वजरटीकही तिनं अशीच माझ्या हातात दिली. ती विकूनच वऱ्हाडात आम्ही सहा महिने जेवलो, आणि तेव्हा माझ्या यजमानांना सगळं कळलं. ते संध्याकाळी बाहेर बाजेवर बसून आबांचं नाव घेऊन हमसून रडले. त्यानंतर त्यांनी पत्त्याला हात लावला नाही. पण तोवर आबांना जाऊन बरेच दिवस झाले होते.

पोलीस अॅक्शन झाल्यावर आम्ही परत आलो. अक्का घरीच होती. पेटी रिकामी झाली होती, फक्त एक गाठोडं होतं, निळ्या ओढणीचं. मागच्या मुसलमान आळीतल्या एका बाईचं. अक्का ते घेऊन गेली तेव्हा ती बाई म्हणाली होती, "अभी नको, गोदाआपा. घरात रोज नवे मर्द येऊन राह्यलेत. तुमच्याच पास राहू द्या, सब ठंडा हुआ की नेते." सगळं थंड झालं तेव्हा त्या आळीत कुणी उरलं नव्हतं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचीही घरं उठली होती. दारं सताड उघडी, आत चुलीवर भांडी तशीच. कुणी म्हणालं ती लोकं हैदराबादकडं गेली, कुणी म्हणालं वाटेतच... अक्का त्या घराच्या अंगणात जाऊन कितीतरी वेळ उभी होती.

तेव्हापासून तिला एक सवय लागली. हैदराबादकडची कुणी मण्यारीण बांगड्या घेऊन आली, जांबच्या जत्रेत तिकडचं कुणी भेटलं, की ती त्या बाईला बाजूला घ्यायची आणि कानात एक नाव सांगून विचारायची. कशासाठी ते कुणाला सांगायची नाही. गाठोडं तिनं सोडून पाहिलं नव्हतं. विष्णूचं घर पडझडीला आलं, त्याला दुरुस्तीला पैसा पाहिजे होता, तेव्हाही तिनं त्याला हात लावू दिला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला ते नाव सांगितलं आणि गाठोडं माझ्या पिशवीत घातलं. "धाकटे, ती असंल तर माझ्याएवढी म्हातारी असंल," म्हणाली. "पण पोरगी होती तिला एक."

परवा सुनेला बांगड्या भरायला एक मण्यारीण आली. बोलण्यावरून तिकडचीच वाटली. सून आत पाणी आणायला गेली तेव्हा मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "हमारे मोहल्ले में तो नहीं, अम्मा. पूछके देखती. कुछ देना-लेना है क्या?"

मी म्हटलं, "न्हाई ग बाई. बरी हाय का, तेवढंच इचार."